गुलाबी दोऱ्याचा दात

काशिनाथच्या दातातून मी गुलाबी दोरा ओढून काढला, तेव्हा सलमा ट्रे घेऊन बघायला पुढे वाकली. सलमा माझी असिस्टंट. दातातून मटणाच्या हाडाची कपची निघालेली तिने पाहिली होती, काडेपेटीची काडीही पाहिली होती. दोरा पहिलाच.

“काय खाल्लंस?” मी विचारलं.

“काय न्हाय बाई. सुपारी बी सोडली. आईची शप्पथ.”

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. भिवंडीत माझा दवाखाना लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत होता. दिवसभर खटखट. पेशंट ओरडला तरी बाहेर बसलेल्याला ऐकू जात नसे, त्यामुळे माझं नाव चांगलं होतं.

तेव्हा दात दुखला की लोक एकच सांगत, उपटा. काशिनाथ वेगळा. तो जवळच्या दिघाशी गावचा, आमच्याच गल्लीत लूम चालवायचा. लहानपणी बैलगाडीवरून पडला होता, तेव्हापासून वरचा पुढचा दात काळा पडत गेला आणि आता हिरडीतून पू येत होता. तो म्हणाला, “महिन्यावर लगीन हाय बाई. हळदीला बोळका बसू काय?”

म्हणून रूट कॅनल. या शब्दाला लोक उगाच घाबरतात. दाताच्या मुळात केसाएवढी पोकळी असते, तिला कॅनल म्हणतात. त्यात नस असते. नस मेली की ती आत सडते. आम्ही दाताला मागून भोक पाडतो, बारीक तारेसारख्या फाइलने कॅनल खरवडून साफ करतो, आत औषधाचा बोळा ठेवतो आणि वरून कच्चं सिमेंट लावतो. कॅनल कोरडा झाला की पक्कं भरायचं, वर कॅप बसवायची. इंजेक्शन टोचतं तेवढंच. पुढे दातापेक्षा जबडा दुखतो, आ करून करून. तीन-चार खेपा लागतात आणि मधल्या दिवसांत त्या दाताने काही खायचं नाही, ही एवढी एकच अट.

दुसऱ्या खेपेला त्याचं सिमेंट गायब होतं आणि आत तो गुलाबी दोरा. मी पुन्हा साफ केलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा भोक उघडं, आणि आता दोरा हिरवा. पूही परत आलेला. लग्नाला पंधरा दिवस उरले होते. माझा पारा चढला.

“रात्री गोधडी चावतोस काय?”

“न्हाय बाई.”

“खरं बोल. असंच चाललं तर दात काढावा लागेल.”

त्याचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, पण रागही जाईना. सलमा हळूच म्हणाली, “बाई, कारखाना तो सामनेही है. बघून या ना.”

दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत गेले. काशिनाथ लूमवर उभा होता. लूममध्ये आडवा दोरा नेणारा धोटा धावतो, त्याच्या पोटात दोऱ्याची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. काशिनाथने नवी कांडी घातली, धोटा तोंडाला लावला आणि जोरात श्वास ओढला. दोरा फुर्रकन तोंडात. उरलेलं टोक त्याने पुढच्या दातांनी तोडलं. पाच मिनिटांनी परत तेच. कांडीवरचा दोरा हिरवा होता.

“अरे, मी तुला काय सांगितलं होतं?”

“खायचं न्हाय बोललात. मी कुठं खातो? मी तर वढतो.”

मी सरळ मास्टरकडे, कारखान्याच्या मुकादमाकडे गेले. “याला पंधरा दिवस तारेच्या आकड्याने दोरा काढू द्या.”

“डॉक्टरनी, आकडे से टाइम लगता है. मेरे आगे के चारों गए,” त्याने ओठ वर करून दाखवलं, “माल रुका क्या?”

“त्याचं लग्न आहे.”

मास्टरने ओठ खाली सोडला. “शादी है? फिर ठीक. मेरी शादी में तो चारों थे.”

सलमाने त्याला आकडा म्हणून क्रोशाची सुई आणून दिली. चौथ्या खेपेला सिमेंट जागच्या जागी होतं आणि कॅनल खडखडीत कोरडा. पक्कं भरलं. हळदीच्या दोन दिवस आधी कॅप बसली, आणि ती इतकी बेमालूम की मीच दोनदा बघितली.

लग्नानंतर काशिनाथ बायकोला घेऊन अल्बम दाखवायला आला. मी चष्मा लावून पहिला फोटो बघितला, मग दुसरा, मग शेवटपर्यंत. एकाही फोटोत दात नव्हता. नवरदेव ओठ घट्ट मिटून, घरात कुणी आजारी असल्यासारखा बसलेला.

“दात कुठाय?”

“आई बोलली, नवऱ्याने दात दाखवायचे न्हाय. लोक हसतात.”

मी अल्बम मिटला. बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, “घरी दाखवतात हो बाई. दिवसभर.” काशिनाथ लाजला आणि हसला. दात छान दिसत होता.

तेव्हापासून नवा पेशंट आला की मी काय खाता ते नंतर विचारते. आधी विचारते, पोटापाण्यासाठी तोंडात काय काय घालता. शिंपी सांगतात टाचण्या, वायरमन सांगतात वायर. एक वकील म्हणाले, काही नाही, फक्त बोलतो. त्यांचे दात उत्तम होते.