करारांची चढती रेघ

परळच्या टॉवरमधल्या आमच्या संशोधन संस्थेत कॉफीचं मशीन परदेशी होतं आणि साहेबांचे उच्चारही. एरवी साहेब चिंचपोकळीचे. मी तिथे दोन वर्षं एकच काम केलं: आपल्या देशाने इतर देशांशी केलेले करार एकेक करून वाचायचे आणि तक्त्यात भरायचे. कुणाशी, कशाबद्दल, सही कधी, लागू कधी. त्यातून देशाच्या परराष्ट्र धोरणाचा कल दिसावा, ही अपेक्षा.

साहेबांना कल आधीच दिसला होता. दरवर्षीच्या करारांच्या संख्येची रेघ वर जायला हवी होती. एकही करार न वाचता माणसाला इतकी खात्री कशी असते, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही.

गोची अशी, की एखाद्या विमानसेवा कराराला मागाहून तीन दुरुस्त्या झाल्या, तर तो यादीत चारदा मोजला जायचा. जुन्याची मुदत वाढवली, की झाला नवा करार. मी अशा नोंदी बाजूला काढल्या आणि रेघ जवळजवळ सपाट झाली. विषय मात्र बदललेले स्वच्छ दिसत होते: आधी मैत्री आणि सांस्कृतिक देवाणघेवाण, पुढे कर आणि गुंतवणूक. मला तेच महत्त्वाचं वाटलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सपाट रेघ बघायला कोण येणार?"

घरी, डिलाईल रोडला, वडिलांना हे सांगितलं. ते गिरणीत होते, मालकांनी कामगारांशी केलेल्या करारांचा त्यांना अनुभव. "सह्यो केल्यानी, पण पाळल्यानी किती?" एवढंच त्यांनी विचारलं. तो रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच.

अहवालाच्या समारंभात चढती रेघ भिंतभर झळकली. टाळ्या झाल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त राजदूत बाईंनी शांतपणे विचारलं, की यात मुदतवाढी धरल्या आहेत का. साहेबांनी हसत माझ्याकडे बोट केलं. डेटा हिने केलाय, म्हणाले. दोन वर्षांत माझ्या कामाचं श्रेय त्यांनी मला दिलं, ते त्या एकाच वेळी.

मी माईक घेतला. "धरल्या आहेत. त्या वगळून केलेली यादी मी सरांना दिली होती."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. साहेबांनी घाईघाईने चहा जाहीर केला आणि अख्खं सभागृह बटाटेवड्यांकडे वळलं. देशाच्या धोरणाची एवढीच काय ती काळजी.

महिन्याभरात माझ्याकडे राजीनामा मागितला गेला, मी दिला. अहवाल अजून तसाच वाटला जातो. मी आता दादरला कॉलेजात शिकवते. पहिल्याच तासाला एक करार अथपासून इतिपर्यंत वाचायला लावते. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.