सूर्यभानच्या वाड्याचा पत्ता

सुगंधाबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शहराबाहेर, मिटमिट्याच्या अलीकडे प्लॉट घेऊन मी घर बांधलं, कंपाउंडला रंग दिला, आणि रंग पुरता वाळतो न वाळतो तोच एका सकाळी भिंतीला टेकून ही मेंढरं! दोन घोडे, कुत्री, कोंबड्या, आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत बसलेली एक उंच, काळीसावळी बाई. मी पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस. पाणी नसलेल्या धरणांचे कागद हाताळून हाताळून माझा स्वभाव आधीच कोरडा झालेला. मी तिथल्या तिथे तोंडाचा पट्टा सुरू केला.

बाईंनी मान वर केली नाही. भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तुमी नवं हाईत. आमी दर साली इथंच उतरतो. तुमचा सैपाकाचा वटा जिथं हाय ना, तिथं आमची कोकरं झाकायचो आमी."

माझ्याकडे खरेदीखत होतं, बिनशेतीचा आदेश होता, पण ते कागद काढलेच नाहीत. घरात येऊन गुपचूप चहा प्यालो. संध्याकाळी त्यांची मुलगी दिपाली लोटाभर मेंढीचं दूध घेऊन आली. आमच्या हिने रिकामा लोटा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घातली, आणि भांडण तिथे मिटलं.

मेंढपाळ लोक वाडा म्हणतात तो दगडमातीचा नव्हे. माणसं, मेंढरं, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, असा सगळा चालता संसार म्हणजे वाडा. तो ओळखला जातो कर्त्या पुरुषाच्या नावानं. हा सूर्यभानचा वाडा. खुलताबादच्या डोंगरावरून दिवाळीनंतर उतरायचा, शहराला वळसा घालून चितेगाव, बिडकीन करत पैठणकडे जायचा, आणि पाऊस लागला की परत वर. सूर्यभान हा सुगंधाबाईंचा नवरा. सात शब्दांच्या जागी एक बोलणारा आणि तोही मेंढरांशी. थोरला मुलगा शिवशंकर बापाच्या मागे मुकाट चालणारा. धाकटा भारत मात्र आईवर गेलेला, म्हणजे तोंडाळ.

सतत चालणाऱ्या माणसांना गाठायचं कसं, याची त्यांची एक जुनी रीत होती. शहरातल्या छावणी भागाच्या गुरुवारच्या बाजारात एक दोरवाला होता. कोणताही वाडा कुठे आहे, ते त्याच्याकडे सांगून ठेवायचं. 'सूर्यभानचा वाडा बिडकीनच्या खाली, कापसाच्या रानात बसलाय.' ज्याला हवं त्यानं येऊन विचारायचं. सोयरिका जमल्या त्या दुकानावर. पुढे शहर फुगलं, रस्ता रुंद झाला, दोरवाल्याच्या जागी मोबाइलची दुकानं आली. मोबाइलही आले म्हणा. पण मेंढराच्या मागे फिरणाऱ्याचा फोन तो! कधी विहिरीत पडायचा, कधी कार्ड बंद पडायचं. दर उन्हाळ्यात या लोकांचा नंबर नवा.

दिपाली तेवढी शाळेत टिकली होती. छावणीत मावशीकडे राहून ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकली आणि तिथेच शिकवायला लागली. तिथे तिला एक गंमत कळली. दुकानदार लोक इंटरनेटवर नाव घेतात ते डॉट कॉम किंवा डॉट इन. पण डॉट टेल नावाचं एक शेपूट नुसतं पत्त्यांसाठी आणि फोन नंबरांसाठी निघालं होतं. वेबसाइट बांधायची गरज नाही, चित्रं नाहीत, सजावट नाही. नाव घ्यायचं आणि त्या नावाखाली आपले नंबर, ठावठिकाणा लिहून ठेवायचा. नंबर बदलला तर आतला बदलायचा, नाव तेच. साध्यातल्या साध्या फोनवरही ते दिसायचं. पोरीनं हौसेनं 'सूर्यभानवाडा डॉट टेल' असं नाव घेतलं आणि आईबापाला दाखवायला माझ्या ओट्यावर आली. मी म्हटलं, मेंढरांना आता ईमेलही काढा. भारत तर हसून हसून लोळला.

सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "म्हंजी दोरवाल्याचं दुकानच की. पर हे कुनी पाडनार नाय." मला हे तेव्हा पटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मग दुष्काळाचं साल आलं. बारा-तेराचं. जायकवाडीचा तळ दिसला. गुरांसाठी चारा छावण्या उघडल्या, पण मेंढरांकडे कोण बघतो. भारत म्हणाला, मेंढरं विकू, मी चितेगावला कंपनीत लागतो, दादालाही लावतो. बापानं ऐकून घेतलं नाही. पोरगा तोंडाळ, तो म्हणाला की मेंढरांच्या आधी तुम्ही मराल या रानात. सूर्यभाननं एकच वाक्य टाकलं. "माज्या वाड्यावर पुन्ना पाय ठिवू नगं." भारत त्याच पावली निघाला. काही दिवस चितेगावला ठेकेदाराकडे होता म्हणतात, मग पुण्याकडे गेला. त्याचा नंबर बंद लागायला लागला आणि बंदच राहिला.

त्या दिवसापासून सुगंधाबाईंना एकच ध्यास. पोरानं यावं. आपण त्याला शोधू शकत नाही, पण तो आपल्याला शोधू शकतो, कारण ते नाव त्याला ठाऊक आहे. वाडा हलला की त्या कुठूनही, कुणाच्याही फोनवरून दिपालीला फोन करायच्या. आता इथं बसलोय, टाक. दिपाली टाकायची. पुढे मला एक गोष्ट कळली आणि त्या अबोल माणसाबद्दलचं माझं मत बदललं. एकदा आठवडाभर सुगंधाबाई तापानं पडून होत्या. तेव्हा वाडा हलल्यावर दिपालीला फोन आला तो सूर्यभानचा. पोराचं नाव त्यानं घेतलं नाही. "वाडा चितेगावच्या वढ्याला आलाय. ते तुजं टाक," एवढंच बोलून ठेवून दिला. दिपालीनं विचारलं, आबा, भारतला 'ये' म्हणून लिहू का? तर म्हणे, नको. नुसता ठिकाणा टाक.

आपल्याकडच्या बापांना काय म्हणावं! पोराला बोलावणार नाहीत, पण आपण कुठे आहोत ते त्याला चुकूनही चुकू देणार नाहीत.

पंधरा-सोळाचा उन्हाळा त्याहून वाईट निघाला. लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते साल. आमच्याकडे टँकर यायचा आणि बायका त्याच्यामागे धावायच्या, तिथे मेंढरांची काय कथा. चैत्र सरता सरता भर दुपारी सूर्यभान मेंढरांपुढे चालता चालता खाली बसला, तो उठलाच नाही.

दहाव्याला मी गेलो होतो. शिवशंकरच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि भावकीतल्या म्हाताऱ्यांनी मोठ्यानं सांगितलं, आजपासून हा शिवशंकरचा वाडा. त्यांच्यात तशी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं वाड्याला हाक मारायची नाही. मारली तर तो जीव वाड्यामागे घुटमळत राहतो, त्याला वाट मोकळी होत नाही. सुगंधाबाईंनी त्याच दिवशी दिपालीला बाजूला घेऊन सांगितलं, ते कॉम्प्युटरवरचं नाव पुसून टाक.

दिपाली रडून म्हणाली, माय, भारतला तेवढंच माहीत आहे. शिवशंकरच्या नावाचं नवं घेते, पण जुनंही राहू दे. नाहीतर त्यावर एक ओळ तरी लिहू दे, आबा गेले म्हणून.

पण मरणाची खबर त्यांच्यात लिहून देत नाहीत, फोनवर तर नाहीच. माणूस पाठवतात. तो समोर बसतो, आधी पाणी मागतो, मग सांगतो. "बाप मेलेला त्या डब्यात वाचावं का माज्या लेकरानं? कुनाच्या खांद्याला डोकं लावल त्यो?" सुगंधाबाई म्हणाल्या. "मी सांगन त्याला. समोर बसून."

मग दिपालीनं जुनं नाव रिकामं केलं, वर्षाची मुदत संपली तेव्हा पैसे न भरता जाऊ दिलं, आणि 'शिवशंकरवाडा' घेतलं. मला विचाराल तर हा शुद्ध वेडेपणा होता. ज्या नावाचा सगळा गुण तेच राहण्यात, ते यांनी बदललं. पण नवऱ्याचा जीव अडकू नये आणि पोराचा जीव एकट्यानं फाटू नये, या दोन्हींच्या मधे ती बाई उभी होती. तिला वेडी कोणत्या तोंडानं म्हणू?

पुढच्या वर्षी त्या डॉट टेलचाच कारभार बदलला. नंबर लिहून ठेवायची ती आयती पानं बंद झाली, तेही इतर नावांसारखं एक नाव झालं. म्हणजे दोरवाल्याचं हेही दुकान गेलंच. तोवर वाडाही राहिला नव्हता. आमच्या भोवतीचं सगळं रान प्लॉटिंगवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारून वाटून घेतलं होतं. शिवशंकरनं मेंढरं विकली आणि तो चितेगावला कंपनीत लागला, म्हणजे भारत म्हणाला होता तेच झालं. सुगंधाबाई आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत राहायला आल्या. भिंतींच्या आत त्यांना झोप यायची नाही, म्हणून बाज बाहेर. दिवसा माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. रस्त्यानं मोटारसायकल आली की मान वळायची. पुसलेल्या नावाबद्दल एकदाच बोलल्या. "साहेब, त्याला आठवन आली तर त्यो कुठं बघल वो?" मी चहा सांगायच्या निमित्तानं आत गेलो.

अठराच्या दुष्काळात, एका गुरुवारी, कडुबा आला. हा त्यांच्या भावकीतला, अजून मेंढरं राखणारा. छावणीचा बाजार करून सरळ इकडे आला होता. त्यानं पाणी मागितलं तशी सुगंधाबाईंचा चेहरा पांढरा पडला. पाणी मागणारा काय घेऊन येतो, ते त्यांना माहीत. कडुबाच्या लक्षात आलं. तो घाईनं म्हणाला, "तसं नाय वैनी, तसं नाय. भारत जित्ता हाय. चाकनच्या बाजारात भेटला."

मग त्यानं सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण ऐकताना मला माझ्याच ओट्यावर बसवेना. भारत तिकडे टेम्पो चालवतो. सुरुवातीची तीन वर्षं तो ते नाव रोज उघडून बघायचा. वाडा कुठे आहे, त्याला सगळं ठाऊक असायचं. एकदा तर चितेगावच्या ओढ्याला वाडा आहे असं वाचून तो आला होता. रस्त्यावर गाडी थांबवून लांबून बघितलं. बाप मेंढरांपुढे उभा होता. पुढे जायचा धीर झाला नाही, तसाच परत गेला. त्याचं म्हणणं असं की आबा ठिकाणा टाकू देतायत, म्हणजे राग उतरतोय, अजून थोडं थांबू. आणि एक दिवस उघडलं तर पान कोरं. पुढे तर नावच निघेना. भारत कडुबाला म्हणाला, आबांनी माझ्यासाठी ठेवलेली वाटपण बुजवली. आता कोणत्या तोंडानं जाऊ?

"आबा गेल्याचं त्याला ठावं नाय?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"नाय. म्या बी सांगितलं नाय. ते तुमच्या घरचं बोलनं. म्या नुसता त्याचा नंबर आनला."

सुगंधाबाईंनी पदर तोंडाशी धरला. बाप ठिकाणा टाकत होता, मुलगा वाचत होता, दोघंही एकमेकांची वाट बघत होते, आणि मधलं दार आपल्याच हातानं लागलं, हे त्यांना एका क्षणात कळलं असणार. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी नंबर लावला, आवाज मोठा ठेवला आणि त्यांच्या हातात दिला.

पलीकडून 'हॅलो' आलं. सुगंधाबाई म्हणाल्या, "भारत, मी माय."

तिकडे नुसता वाहनांचा आवाज. मग पोरगा रडतो आहे हे समजलं. रडतच तो म्हणाला, "माय, आबा अजून रागात हायेत का गं?"

कडुबानं मान खाली घातली. सुगंधाबाईंनी डोळे मिटून घेतले. आवाज मात्र हलू दिला नाही.

"नाय रं बाबा. राग कव्हाच गेला त्यांचा. तू ये."

"खरंच? त्यांनी म्हनलं तसं?"

"रोज म्हनायचे," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःला सावरून, "तू ये. आल्यावर समदं सांगते."

'म्हनायचे' हा शब्द त्यानं ऐकला की नाही, मला कळलं नाही. तो म्हणाला, "येतो. आत्ताच निघतो. वाडा कुठं हाय सध्या?"

सुगंधाबाईंनी समोर बघितलं. चुन्याच्या रेघा, अर्धवट खांब, पत्र्याच्या खोल्या.

"हितंच मिटमिट्याला," त्या म्हणाल्या. "वाडा आता हलत नाय."