विज्ञानाच्या बाई आणि नववीचा तास

हळू बोलणं आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंइतकं न जमणारं माणूस अख्ख्या कुरखेडा तालुक्यात दुसरं झालं नसेल. एसटीत मागच्या सीटवरून त्या ड्रायव्हरला मूळव्याधीचं काय झालं ते विचारत, आणि तो बिचारा पुढची दोन गावं आरशातसुद्धा बघत नसे. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाला, "सिकलसेलची रक्ततपासणी केली का बेटा?" असं विचारलं होतं. भटजीही उत्तरासाठी थांबले. तपासणी झालेली होती, म्हणून लग्न लागलं. शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव त्या गुडघ्याचं घ्यावं तसं घेत. मी मराठी शिकवणारा, उपमा-रूपकांत वाढलेला. त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे मला संकट वाटे.

अशा बाईंनी त्या वर्षी नववीला पाळी, वयात येणं, कुणी आवडणं आणि कुणी नकोसा हात लावला तर काय करायचं, हे सारं दार उघडं ठेवून शिकवलं. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी बापमंडळी उभी. पुढे होता गावतलावात मासे धरणारा एक उंच, अबोल माणूस. त्याची पोरगी त्याच वर्गातली. तिला त्याने घरी बसवलं होतं.

हेडमास्तरांनी हात जोडले, चहा मागवला. कुणी बाईंची बदली करा म्हणालं, कुणी शाळेला कुलूप लावू म्हणालं. बाई माफी मागेनात. मी नाही सांगितलं तर मोबाईल सांगेल, एवढंच त्यांचं म्हणणं. एकाने फाटकावर लाथ घातली. तो उंच माणूस मात्र चहाला हात न लावता निघून गेला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मुलींच्या बाजूचे बाक रिकामे होत गेले. मग एका सकाळी बाई मला घेऊन तलावावर गेल्या. तो कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होता. आम्हाला पाहून त्याने पाठ फिरवली. काठावर त्याचे भाऊ बांबू धरून उभे. बाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि सरळ पाण्यात शिरल्या. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही शिरलो, गुडघ्यापर्यंतच.

"भाऊ, मी नाई शिकवत आता," बाई म्हणाल्या. "तुमीच सांगा पोरीले."

जाळं ओढायचं थांबलं. "मी कसा सांगू? मी बाप आहो."

"मंग तिची माय सांगन."

"तिलेच कोनी नाई सांगतलं, बाई." त्याने आमच्याकडे तोंड वळवलं. "कोनी हात लावला, तं पोरगी बापाले सांगन का?"

"मी तेच तं शिकवून राह्यली, भाऊ."

तो तास पुन्हा झाला, मागच्या बाकांवर आईबाप बसवून. कुणी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतं, एक आई पदरात तोंड खुपसून हसत होती आणि मग हसता हसता एकदम गप्प झाली. तो उंच माणूस खिडकीबाहेर बघत होता. घरातल्याच माणसाने हात धरला तर काय कराल, असं बाईंनी विचारलं. त्या उंच माणसाची पोरगी उठली. "बाबाले सांगीन," म्हणाली. त्याने खिडकीकडून तोंड वळवलं नाही, पण गमछ्याने दोनदा पुसलं.

बाक भरत गेले. सगळे नाही, एक पोरगी परत आलीच नाही, का ते आम्हाला कधी कळलं नाही. तिचं नाव काढलं की बाई उठून हात धुवायला जात.

पुढे बाईंची बदली झालीच, दूर मुलचेऱ्याला. परवा तो उंच माणूस बाजारात भेटला. त्याची धाकटी आता नववीत आली आहे. बाईंसारखं कुणी शाळेत आहे का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

"मंग तुमीच सांगा ना, सर."

त्याच संध्याकाळी मी बाईंना फोन लावला. नववीच्या वर्गात पहिलं वाक्य काय बोलू, असं विचारलं.

"पहिलं वाक्य पोराईलेच बोलू द्या, सर," बाई म्हणाल्या. "तुमी नुसते बसा त्याईच्याजवळ."