शेवटून दुसरं प्रकरण

माझं पोट अनुक्रमणिकांवर चालतं. घाटकोपरला एका छोट्या कचेरीत बसून मी लोकांचे प्रबंध, अहवाल, स्मरणिका नीट लावून देते. समास, परिच्छेद, मथळे आणि सगळ्यात शेवटी अनुक्रमणिका. बहुतेक माणसं ती हातानेच टाईप करून आणतात. प्रकरणाचं नाव, मग टिंबं, टिंबं, टिंबं, आणि कडेला पानाचा आकडा. मध्ये कुठे चार ओळी वाढल्या की सगळे आकडे चुकतात. मी ते सगळं पुसते, मथळ्यांना हेडिंगची स्टाईल लावते आणि यादी संगणकालाच करायला सांगते. लोक माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघतात, आणि मीही त्यांना बघू देते.

बाबांनी तसं बघितलं नाही. ते अंधेरीच्या एका कंपनीत जन्मभर टायपिस्ट होते. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा खातं, त्यामुळे बाबा मोजून टिंबं मारायचे आणि आकडे कसे एका रेषेत उभे राहायचे. निवृत्तीनंतर त्यांनी चारकोपच्या आमच्या घरात संगणक घेतला आणि पुस्तक लिहायला घेतलं. आम्ही चारकोपला राहायला आलो तेव्हाचे दिवस, सेक्टरमधली अर्धवट घरं, चिखल, डास, पाण्याची रांग. संगणकावर अक्षरं जाडी-बारीक असतात, तिथे मोजून मारलेली टिंबं काय जुळणार? मी ती बघून हसले, तर म्हणाले, "माका शिकवू नको. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून टिंबं मारतंय मी."

शेवटी बाबा शिकले, पण आपल्या अटींवर. परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच वेळा स्पेस मारायची सवय काही सुटली नाही. मी म्हणायचे, बाबा, त्याला वेगळी सोय आहे. ते म्हणायचे, पाच स्पेस मारेपर्यंत पहिलं वाक्य सुचतं.

हेडिंगचं मात्र त्यांना वेडच लागलं. मथळा लिहायचा, स्टाईल लावायची, वर जाऊन अनुक्रमणिका अपडेट करायची आणि नाव आलं की फोन करायचा, "इला बघ नाव." खाली मजकुराचा पत्ता नाही, पण अनुक्रमणिका रोज वाढतेय. बाजारात तुरी, असा सगळा प्रकार. मी चिडले तेव्हा त्यांनी मला पाण्याच्या रांगेची आठवण करून दिली. सुरुवातीला आमच्या ओळीला एकच नळ होता. बायका पहाटे हंडा रांगेत ठेवून घरी जायच्या, स्वयंपाक उरकायच्या, पोरांची तयारी करायच्या. माणूस नसलं तरी हंडा नंबर धरून असायचा आणि दुसऱ्याचा हंडा कोणी हलवत नसे. बाबा म्हणाले, "आधी हंडा ठेवायचा. पाणी काय, येतं."

त्या रांगेत आमचा हंडा आई ठेवायची. मी बालवाडीत असताना ती गेली. त्यानंतर बाबा तिच्याविषयी कधीच बोलले नाहीत. मी विचारलं की, "चहा टाक गं" म्हणायचे. तिचा आवाज कसा होता, ती रागावायची का, त्या दोघांचं जमायचं का, हे मला शेजारच्या काकूंकडून तुकड्या-तुकड्यानं मिळालं, आणि काकूंना तिखटमीठ लावायची सवय. मला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढं एकच मला त्यांच्याकडून हवं होतं.

आणि एक दिवस अनुक्रमणिकेत एक नाव आलं. 'हिच्याविषयी'. त्याच्याखाली शेवटचं, 'समारोप'. ह्या नावासाठी मात्र बाबांचा फोन आला नाही.

लग्नानंतर मी मुलुंडला. पुस्तकाची फाईल दोघांना उघडता येईल अशी मीच करून ठेवली होती. तेव्हापासून कचेरीत गेल्यावर पहिलं काम ते. फाईल उघडायची, यादी अपडेट करायची. 'हिच्याविषयी' पान सत्तावन्न, 'समारोप' पण सत्तावन्न. दोघांचा आकडा एकच, म्हणजे मधे काही लिहिलेलं नाही. आधीची प्रकरणं फुगली की दोन्ही आकडे बरोबरीने पुढे सरकायचे, पण एकमेकांना सोडायचे नाहीत. फोनवर मी विचारायचे, पुस्तक कुठवर आलं? ते म्हणायचे, नळापर्यंत आलंय. मी ह्यापुढे कधी गेले नाही. वाटायचं, विचारलं तर हंडाच उचलून घेतील.

बाबा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर सोसायटीतले लोक म्हणाले, पुस्तक छापू या, सगळ्यांचेच दिवस आहेत ते. मी कचेरीत फाईल उघडली आणि सवयीने यादी अपडेट केली.

'हिच्याविषयी', पान एकसष्ट. 'समारोप', पान बासष्ट.

मी हात जोडले, खोटं कशाला सांगू. मग खाली गेले. मथळा होता. त्याच्याखाली पान पांढरंशुभ्र. तळापर्यंत काहीच नाही.

मला बाबांचा राग आला. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. पुढचा मथळा नव्या पानावर ढकलायचा म्हणून लोक एंटर मारत सुटतात, आणि मी ते एंटर पुसत बसते. म्हटलं, हेही तसलंच असणार, टायपिस्टचा कागद वर सरकवायचा खाक्या. पुसायचे म्हणून मी न दिसणाऱ्या खुणा चालू केल्या. त्या चालू केल्या की प्रत्येक एंटरची एक खूण दिसते आणि प्रत्येक स्पेसचं एक बारीक टिंब.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पाच टिंबं होती. पाच टिंबं आणि एंटर. खाली परत पाच टिंबं आणि एंटर. पानभर तेच. कागद वर सरकवायला कोणी स्पेस मारत नाही. पाच स्पेस मारेपर्यंत पहिलं वाक्य सुचायला हवं होतं. ते सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल आणि लिहवलं नसेल. पुन्हा नवी ओळ, पुन्हा पाच.

मी कचेरीत सगळ्यांसमोर रडले. कचेरी चालवणाऱ्या बाईंनी पाणी आणून दिलं. आई कशी होती ते मला आता कधीच कळणार नाही. मला ते अजूनही हवं आहे.

फाईल मी तशीच कांदिवलीच्या छापखान्यात पाठवली. दोन दिवसांनी तिथल्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, शेवटाकडे एक पान कोरं राहिलंय. वर नुसतं नाव आहे. उडवू ना? अनुक्रमणिका मी अपडेट करून घेतो."

"राहू दे," मी म्हणाले. "ते बाबांनी टाईप केलंय."