बाजेची गाडी

बनुबाईला भीती वाटते हे आमच्या वाडीत सगळ्यात आधी मला कळलं, आणि मी सांगितल्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या घरात माझ्या बोलण्याला भाव असा कधी नव्हताच. पण बनुबाईच्या बाबतीत खुद्द देवानं येऊन सांगितलं असतं, तरी लोकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. बनुबाई म्हणजे खडकेवाडीची सुईण. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज घोगरा. वाडीतली निम्मीअधिक माणसं आधी तिच्या हातात आली आणि मग आईच्या कुशीत गेली. त्यात मीही आले. माझे वडील लालासाहेब, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, ते सरपंचालाही जुमानत नसत; पण बनुबाई समोरून आली की विडी पाठीमागं लपवायचे.

आमची वाडी कडेगावच्या वर, डोंगराच्या पोटात. रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट, आणि तीही अशी की धडधाकट माणूस कडेगावात उतरताना कंबर धरून उतरायचा. अडलेल्या बाईला त्या वाटेनं न्यायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच न्यायचं. पण वाडीच्या खालून छोटी रेल्वे जायची. चार डबे, दगडी फलाट, मास्तर नाही, तिकीट गाडीतच फाडायचे. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा ती जंक्शनला जायची. जंक्शनला मोठी लाईन मिळाली की सांगलीचा दवाखाना काही लांब नव्हता.

या गाडीचा एक कायदा होता, तो कुठं लिहिलेला नव्हता. फलाटावर बाज दिसली म्हणजे बाळंतीण अडलेली आहे. मग गार्डाच्या डब्यात बाज चढायची, ड्रायव्हर एक लांब शिट्टी द्यायचा, आणि गाडी जी सुटायची ती थेट जंक्शनला. मधल्या एकाही थांब्यावर थांबायची नाही. मधल्या गावांचे उतारू गुमान बसून राहायचे आणि जंक्शनहून जमेल तसे परत यायचे. कुणी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही. करणार कोण? जो तो कधी ना कधी अशा बाजेमागं धावलेला. बाजेची गाडी म्हणायचे तिला.

बाज कधी उचलायची ते बनुबाई ठरवायची. ती पोटावर हात फिरवायची. मग ती "बाज उचला" म्हणाली की सासूचं चालायचं नाही, सासऱ्याचं चालायचं नाही. चार गडी खांदा द्यायचे. बनुबाईच्या हातून एकही बाई दगावली नाही, असं लोक पंचक्रोशीत मिरवत. ते खरंच होतं. फक्त त्यातलं अर्धं यश गाडीचं होतं, हे बनुबाईशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चौऱ्याण्णव साली लाईन बंद झाली. तोट्यात चालते म्हणे. शेवटच्या गाडीला आमच्या लोकांनी हार घातले, नारळ फोडला, आण्णांनी भाषण ठोकलं. घरातलं माणूस हाकलून देणाऱ्यांचा सत्कार करावा, तसली ही तऱ्हा. मला त्या दिवशी असा संताप आला होता की मी पेढासुद्धा घेतला नाही. बदल्यात एसटी येणार होती. ती आली, आठवडाभर धडपडली, आणि एके दिवशी ओढ्यात पाटा मोडल्यावर पुन्हा दिसली नाही. माझा जंक्शनचा शिवणक्लास सुटला, म्हाताऱ्यांचे दवाखाने सुटले, भाजी विकायला जाणाऱ्या बायका घरी बसल्या. लोकांनी चार शिव्या दिल्या आणि अंगवळणी पाडून घेतलं.

बनुबाईनं शिव्या दिल्या नाहीत.  वाडीत तेव्हा एकच बाई दिवसांत होती, माझी वहिनी क्रांती. माझा भाऊ जोतिबा फौजेत, आसामकडं. वहिनीचं पहिलं बाळंतपण मलकापूरला, तिच्या माहेरी झालं होतं. हे दुसरं. एका दुपारी मी बनुबाईकडं वेखंड आणायला गेले, तर ती उंबऱ्यात बसली होती आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते, भर उन्हात.

"थंडी वाजतीया का आक्का?"

"पोरी, तुझ्या वैनीला मलकापूरला धाडा."

"का?"

"मला भ्या वाटतंय." तिनं हात काखेतून काढून माझ्यासमोर धरले.  "आजवर पोटाला हात लावला की माझ्या मनात असायचं, न्हाईच जमलं तर खाली गाडी हाय. आता हात लावायला गेलं की मनात कायच येत न्हाई. निस्ता अंधार दिसतोय बघ."

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी घरी येऊन सांगितलं, आणि आण्णा मात्र पोट धरून हसले. मग दोन दिवसांनी बनुबाई स्वतःच आली.

"लालाभाऊ, सुनंला म्हायारी धाडा. तिथनं कऱ्हाड जवळ हाय."

"आवं आक्का, पयलं म्हायारी आन् दुसरं सासरी. रीतच हाय ती. परत धाडली तर व्याही काय म्हनंल? लालासाहेबाला सुनंचं एक बाळातपण पेलंना?"

"व्याह्याचं र्‍हाऊ द्या. मला भ्या वाटतंय म्हनून सांगती."

"तुमाला? आवं, तुमाला बघून यम वाट बदलंल!"

सगळे हसले. अंगणात आलेली शेजारीण हसली, माझी आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. एकटी वहिनी हसली नाही. ती बनुबाईच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिनं पोटावर हात ठेवला. त्या दिवसापासून वहिनी खोकली तरी मी दचकायची. मी आण्णांच्या मागं लागले, तर माझ्याच लग्नाचं बघायला हवं असं त्यांनी ठरवलं. आमच्याकडं मुलगी फार बोलली की तेवढा एकच उपाय.

मार्गशीर्षात, दुपारची जेवणं झाल्यावर, वहिनीला कळा सुरू झाल्या. बनुबाई आली. मी दिवा घेऊन आतल्या खोलीत होते. पहिल्यांदा तिनं हात फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मूल आडवं होतं. वहिनी ओरडली, तसा तो आवाज घरभर घुमला, आणि बनुबाई ताडकन उठून म्हणाली, "बाज उचला!"

आण्णा उठले. शेजारचे तिघं धावत आले. बाज उचलली गेली. मी चादर घेतली, आईनं पाण्याची कळशी आणि तेलाची बाटली घेतली. वाटेत बायका दारातून हात जोडत होत्या, दोघी बाजेमागं निघाल्या, पोरं बाजूला होत होती. सगळं कसं नेहमीसारखं, जसं व्हायला हवं तसं. फलाटावर बाज टेकली. गड्यांनी खांदे चोळले. आणि आम्ही सगळे, गाडी जिच्यातून यायची त्या खिंडीकडं बघत उभे राहिलो.

हे मी आज सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. पण आम्ही उभे होतो. मला तर चक्क हायसं वाटलं होतं, पोचलो बाई एकदाचे म्हणून. आई वहिनीला म्हणत होती, "धीर धर माझ्या लेकी, येईलच आता." वहिनी बाजेचा दांडा चावत होती. उन्हं पायथ्याकडं सरकली. आण्णांनी कपाळावर हाताचा आडोसा धरून खिंडीत पाहिलं आणि म्हणाले, "आज जरा लेट हाय."

कुणी त्यांना वेड्यात काढलं नाही. उलट शेजारचा एकजण म्हणाला, "व्हय, लेटच दिसतीया."

मग खिंडीतून केरबा आला. केरबा आधी याच लाईनीवर गँगमन होता. लाईन बंद झाल्यावर त्यानं शेळ्या घेतल्या होत्या. रुळांच्या मधोमध गवत माजलं होतं आणि त्या गवतातून शेळ्या चरत चरत, अगदी सावकाश, आमच्याकडं येत होत्या. त्यानं बाज बघितली, आम्हाला बघितलं.

"लालासाहेब, कुनाची वाट बघतायसा?"

 मी फलाटावर बसलेच. आण्णांचं तोंड पांढरंफटक पडलं. बैलगाडी जुंपली असती तरी कडेगावला पोचेपर्यंत वहिनी उरली नसती, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. आणि बनुबाई रुळांकडं बघत उभी होती, तोंड उघडं टाकून, लहान मूल जत्रेत हरवल्यावर बघतं तशी.

"आक्का," आण्णांचा आवाज चिरकला, "काय तरी करा."

"माझा हात चालायचा न्हाई."

"आक्का, पाया पडतो!"

"न्हाई चालायचा, लालाभाऊ! सांगत हुते का न्हाई तुमाला? सांगत हुते का न्हाई!" ती किंचाळली. बनुबाईला किंचाळताना आम्ही कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे शेळ्यांसकट सगळे जागच्या जागी थांबले.

तेव्हा वहिनीनं हात लांब करून तिचं लुगडं धरलं. "आक्का, मला बी लय भ्या वाटतंय," ती म्हणाली. "दोघी मिळून भिऊया. पर हात लावा."

गडी पाठ करून उभे राहिले. आईनं आणि दोन बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बनुबाईनं हात तेलात बुडवले आणि वरून, बाहेरून, पोरगं वळवायला सुरुवात केली. तिचे दात वाजत होते. ती सारखं काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल असं मला वाटलं, पण कान देऊन ऐकलं तर ती नुसतं "नगं, नगं, नगं" म्हणत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वहिनीचे डोळे दोनदा पांढरे झाले आणि दोन्ही वेळा मी तिच्या थोबाडीत मारली. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. आधी निळा होता, मग रडला.

वहिनी महिनाभर अंथरुणातून उठली नाही, पण वाचली. आणि मग वाडीनं काय केलं? आनंद! बनुबाईची ओटी भरली, जोडवी काय, लुगडं काय. आण्णा चावडीवर बसून म्हणू लागले, "गाडी गेली तर जाऊ द्या गड्यांनो, बनुआक्का हाय आपली!" रस्त्यासाठी तालुक्याला मोर्चा न्यायचं घाटत होतं, तेही मागं पडलं. त्या दिवशी फलाटावर लहान मुलासारखे रडलेले हे आमचे आण्णा. बनुबाईनं लुगडं घेतलं नाही. ती ज्या घरात पाळणा हलायची शक्यता, त्या घरापुढून जाताना आता मान खाली घालून जायची.

पुढं दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा कुपवाडला लेथवर कामाला, राहायला तिथंच दोन खोल्या. मला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाले. आण्णा कडेगावला बैलगाडी घेऊन येणार होते. मी एसटीतून उतरले, तर आण्णांच्या आधी बनुबाई समोर. ती भल्या पहाटे चालत आली होती. पायाला धूळ, तोंड सुकलेलं.

"माघारी जा," ती म्हणाली.

"आक्का, आता तर आले."

"माघारी जा म्हनती न्हवं!"

मला राग आला. पहिलटकरणीचं सगळं कौतुक मनात घेऊन आले होते मी, डोहाळजेवण, आईच्या हातचं खाणं. मी म्हटलं, "तुम्ही वैनीला वाचवलंत. मग मला कशाला भिता?"

"म्हनूनच." तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. "तवापास्नं तिथं कुनीच भीत न्हाई. मी हाय म्हनून समदी बिनघोर झोपत्यात. पोरी, त्या दिवशी गाडी बंद झाल्याचं मी इसरले न्हवते."

"मग बाज उचला कशापायी म्हणालात?"

"मला शिट्टी ऐकू आली हुती," ती म्हणाली. "खिंडीतनं. चांगली लांब शिट्टी. अजून बी येती ऐकू, कुनी बाई कन्हली की येती. तू तिथं कन्हायला लागलीस की मी परत बाज उचला म्हननार, आन् ही मानसं परत उचलनार. यंदा केरबा न्हाई. तो चैतातच गेला."

स्टँडवर बैलगाडी येताना दिसली. आण्णा लांबूनच हात हलवत होते, अंगावर नवा सदरा होता. मी त्यांच्याकडं बघितलं, बनुबाईच्या हाताकडं बघितलं, आणि पिशवी उचलून उभ्या असलेल्या सांगलीच्या एसटीत परत चढले. आण्णा धावत आले, ओरडले, बनुबाईला नाही नाही ते बोलले.  एसटी सुटेपर्यंत ती माझ्या खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून उभी होती, मी खाली उतरेन या भीतीनं.