पायांची आग

इंदिरानगरातला माझा मोटारसायकल मेकॅनिक निफाडकडचा होता. चपला बाजूला काढल्याशिवाय तो गाडीला हात लावत नसे. इंजिनाला कान लावून "बोल बाई, काय होतंय तुला?" असं विचारी.

एकदा तो माझी गाडी तपासत असताना कातडी जळल्याचा वास आला. त्याचं अनवाणी पाऊल तापलेल्या सायलेन्सरला टेकलं होतं, आणि तो माझ्याशी निवांत बोलत होता. मी घाबरून त्याचा पाय मागे ओढला आणि त्याला दवाखान्यात नेलं.

त्याला जुना मधुमेह आहे आणि गोळ्या त्यानं मध्येच बंद केल्यात, हे तिथं विचारपूस करताना कळलं. डॉक्टर म्हणाले, "साखरेनं पायांच्या नसा बधिर झाल्यात. जखम भरेल, पण औषध चुकवू नका. रोज पाय बघत जा. गोळ्या का सोडल्या होत्या?"

"आधी पायांची लय आग व्हायची," तो म्हणाला. "मग ती थांबली. मला वाटलं, साखर गेली."