पालेभाजीऐवजी एक गोळी

औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला गल्लीतले लोक 'अर्धे डॉक्टर' म्हणत आणि त्यालाही ते मनातून आवडे. खोकला असो की पाठदुखी, कुणी विचारायचा अवकाश, हा चष्मा कपाळावर सरकवून नेमक्या फळीवरची डबी काढी.

त्याच ऐटीत आठ वर्षांपूर्वी त्याने थोरल्या भावाच्या ताटात लक्ष घातलं. दादाला पालेभाजीचं वावडं. रोज ताटाच्या कडेला तिचा ढीग आणि वहिनींची कटकट.

"वहिनी, कशाला जिवाला त्रास करून घेता? पालेभाजीतलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व मी गोळीतून देतो. चांगली जोराची देतो."

"लाख बोललास! सुटलो चाऱ्यातून," दादा खूश.

भाजी गेली, जेवणानंतरची पिवळी गोळी आली. वहिनींनी मधूनमधून विचारलं, "भाऊजी, किती दिवस द्यायची?"

"चालू दे हो, जीवनसत्त्वच तर आहे."

गेल्या आठवड्यात दादाच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली. आत मांसाचे पाच कोंब, म्हणजे पॉलिप, निघाले, त्यातल्या एकात कर्करोगाची सुरुवात; ऑपरेशन ठरलं. आज तिघेही डॉक्टरांसमोर बसले होते.

"रोजची औषधं कुठली?"

"छे! एकही नाही," दादा ऐटीत म्हणाला. वहिनींनीही मान हलवली. त्या घरात ती गोळी औषधात कुणी धरलीच नव्हती.

धाकट्याने काल दुकानात बसून ही गोळी आणि आतड्यातले कोंब यांवरचं वाचून काढलं होतं, तीनदा. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण दादा आजही जेवून ती गोळी घेणार होता.

"एक गोळी चालू आहे," तो म्हणाला. "फोलेटचीच, फॉलिक अ‍ॅसिड, पाच मिलिग्रॅम. आठ वर्षं. चिठ्ठी नाही. मीच देतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आजपासून बंद. जेवणातून मिळणारं फोलेट चांगलंच; ते पुरेसं खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. मोठ्या डोसच्या गोळ्यांचं तसं नाही. आधीच कोंब असतील तर अशा गोळ्या ते वाढवत असतील, अशी शंका आहे. एकमत नाही अजून."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तसं मी म्हणणार नाही. तसं नाहीच, हेही सांगता येणार नाही."

"काय हो अर्धे डॉक्टर," दादा हसला, "म्हणजे पुन्हा चारा?" पण कुणीच हसलं नाही.

बाहेर आल्यावर वहिनींनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि धाकट्याच्या हातावर ठेवलं.

"मी विचारत होते, भाऊजी."

"हो वहिनी. चुकलं माझं."

त्या दादाचा हात धरून चालू लागल्या. तो मागून गेला.

"ऑपरेशनच्या दिवशी येऊ ना मी?"

वहिनी थांबल्या, वळल्या मात्र नाहीत.

"या. पण रिकाम्या हाताने या."